निळी वडी टाकली, सही केली, झालं काम?

पेस्ट कंट्रोलवाला येतो, कंपाउंडच्या भिंतीलगत उंदीर मारायच्या निळ्या विषारी वड्या भिरकावतो, सेक्रेटरी बिलावर सही ठोकतो. बोरिवली, मुलुंड, आरे, म्हणजे नॅशनल पार्कला खेटून राहणाऱ्या सोसायट्यांनी तरी जरा लाज बाळगावी!

वडीत बहुतेकदा ब्रोमॅडिओलोन नावाचं विष असतं, ०.००५ टक्के. ऐकायला नगण्य. पण त्याने रक्त गोठणं बंद होतं आणि उंदीर मरायला चार-पाच दिवस लागतात. तोवर तो वडी कुरतडतच राहतो. मरण्यापुरतं लागतं त्याच्या कितीतरी पट विष पोटात घेऊन भरदिवसा झिंगल्यासारखा फिरतो. असा आयता घास कोण सोडेल? गव्हाणी घुबड, पिंगळा, घार, धामण, मुंगूस. विष त्यांच्या यकृतात महिनोन्‌महिने टिकतं, म्हणजे उंदरागणिक साठत जातं. मग कमिटी विचारते, घुबड गच्चीत कसं मेलं? अहो, तुम्हीच खाऊ घातलंत! फुकटात उंदीर मारणारंच गेलं.

"आम्ही वड्या कुलूपबंद डबीत ठेवतो" हे उत्तर पाठच असतं. डबीने कुत्री-मांजरं थेट वडी खाण्यापासून वाचतात. घुबड वडी खातं कुठे? ते डबीतून जेवून बाहेर पडलेला उंदीर खातं.

आणि ज्याने उंदीर खरोखर कमी होतात ते कुणालाच करायचं नसतं. ओला कचरा रात्रभर उघड्या बादलीत, वर कबुतरांना चणे. डक्टमधल्या पाइपांभोवतीची भोकं तशीच. ६ मिलिमीटरच्या फटीतून लहान उंदीर आत शिरतो. त्यात फोम भरतात, तो एका रात्रीत कुरतडला जातो. आधी स्टीलची जाळी कोंबा, मग वरून सिमेंट.

उरलेल्यांना स्प्रिंगचा सापळा, पेटीत झाकून, भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. सुका बोंबील दोऱ्याने बांधा. पहिल्या दोन-तीन रात्री सापळा न ताणता ठेवा, नवी वस्तू दिसली की उंदीर बिचकतो. मेलेला उचलताना हातमोजे घाला, उंदरांमुळे होणाऱ्या लेप्टो तापाची भीती असते. गोंदाचे पॅड तर नकोतच, त्यांवर पाली आणि चिमण्याही चिकटतात.

मान टाकून बसलेलं घुबड दिसलं, तर पाणी पाजू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा आणि विषाचं पाकीट सोबत द्या. ब्रोमॅडिओलोनवर डॉक्टर व्हिटॅमिन के-१ देतात, झिंक फॉस्फाइड या उंदरांच्या दुसऱ्या विषावर त्याचा काही उपयोग नाही. पाकीट अर्थात कुणीच जपलेलं नसतं. बिल मात्र फाइलला लावलेलं असतं.