खडा काळा पडतो तो उजेडाने, तुमच्या आजाराने नाही

"खडा काळवंडला म्हणजे त्याने घरातली नकारात्मक ऊर्जा ओढून घेतली. उन्हात ठेवला की तो शुद्ध होतो. मग रात्रभर पाण्यात ठेवा आणि ते पाणी प्या, आजार निघून जातो." हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि "करून बघू का?" असं तिने विचारलं. आता गप्प बसवत नाही.

आधी पाण्याचं, कारण जिवावर बेतणारं तेच आहे. उजेडाने रंग बदलणारी खनिजं कोणती ते बघा. हिंगुळात पारा असतो. प्रूस्टाइट माणकासारखं लाल दिसतं, त्यात चांदीबरोबर आर्सेनिक असतं. मनशीळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक. ती तर काळी पडतही नाही. तिचे लालभडक स्फटिक उजेडात पिवळे पडून भुसभुशीत होतात, त्यांची पूड होते आणि त्यात पाण्यात विरघळणारं आर्सेनिक ऑक्साइडही तयार होऊ शकतं. मेसेज सांगतो, आधी ऊन दाखवा, मग पाण्यात घाला. हे विष तयार करायचीच कृती झाली. घोटभरही पिऊ नका.

आता 'ऊर्जा ओढण्या'चं. क्लोरार्जिराइट म्हणजे चांदीचं क्लोराइड. त्यावर प्रकाश पडला की क्लोराइडचा इलेक्ट्रॉन सुटून चांदीच्या आयनाला मिळतो आणि चांदीचा अणू बनतो. असे अणू एकत्र येऊन सूक्ष्म कण होतात, ते प्रकाश शोषतात, म्हणून फिकट खनिज आधी जांभळट आणि मग काळपट दिसतं. चांदीचे क्षार प्रकाशानेच काळे पडतात हे 18व्या शतकाच्या सुरुवातीला योहान हाइनरिख शुल्त्से यांनी दाखवलं. चांदी विरघळलेल्या नायट्रिक आम्लात खडू मिसळून त्यांनी बाटलीत भरला, बाहेरून अक्षरं कापलेला कागद लावला आणि बाटली उन्हात ठेवली. आत काळी अक्षरं उमटली, कागदाआडचा भाग पांढराच राहिला. तेच मिश्रण विस्तवावर तापवलं तर काळं झालं नाही. घरातला आजार त्या कागदाच्या कडेला बरोब्बर कसा थांबेल?

उन्हाने शुद्ध होतो म्हणे! ज्याने काळा पडला तेच आणखी देताय. संग्रहालयं प्रूस्टाइट अंधारात जपतात ते याचसाठी.

एक मान्य करतो: हॅकमनाइट नावाचा खडा अतिनील प्रकाशात रंग धरतो आणि साध्या उजेडात पुन्हा फिका होतो. पण तिथे इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या रिकाम्या जागेत अडकतो आणि सुटतो, इतकंच.

खडा कोणता हे माहीत नसेल तर तो बंद डबीत ठेवा, हाताळल्यावर हात धुवा आणि पाण्यात मुळीच घालू नका.