सेकंड क्लासमध्ये पदव्युत्तर

अभिनंदन! गुणवत्ता यादीत नाव लागलं, फी भरून झाली, आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. मुंबई विद्यापीठात, तेही कलिन्याला एमए. आता कामाचं बोलू. गाडी कुठली?

विषय कुठला ते मी विचारलेलंच नाही. इतिहास घेतलाय, अर्थशास्त्र की मराठी, याने पुढच्या दोन वर्षांत फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते तुम्ही बदलापूरहून सुटणारी गाडी धरता की मागून भरून आलेली कर्जत, यावर. मी बदलापूर ते कुर्ला दोन वर्षं गेले-आले. त्या अधिकारात चार गोष्टी सांगते. नाही पटल्या तर पुढच्या स्टेशनला उतरून जा.

घरात एखादे काका म्हणतील, "एवढी दगदग कशाला? सरळ हॉस्टेल घे." काका पुण्यात शिकलेले असतात, त्यांना मोठ्या मनाने माफ करा. हॉस्टेल लांबून येणाऱ्यांसाठी असतं आणि मुंबईत लांबची व्याख्या वेगळी आहे. जिथवर लोकल जाते ते सगळं लोकल. सीएसएमटीपासून कसारा १२१ किलोमीटर, चर्चगेटपासून डहाणू रोड १२४. तेही लोकल. तुमचं बदलापूर तर जेमतेम ६८ किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ आवारातच.

यात विद्यापीठाला दोष देऊ नका. १८५७ साली ते स्थापन झालं तेव्हा डोळ्यांसमोर लंडन विद्यापीठाचा नमुना होता. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायच्या. पोरं इथे येऊन राहतील, झाडाखाली बसून वाद घालतील, असलं काही पत्रिकेतच नव्हतं. उलट त्याच्या चार वर्षं आधी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली होती. आधी गाडी, मग विद्यापीठ. हा क्रम ध्यानात ठेवा, रोज उपयोगी पडेल. पुढे १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख म्हणून पॅट्रिक गेडिस आले. हे गृहस्थ नगररचनाकार. शहर कसं वसवावं याचा जगभर विचार केलेला माणूस विद्यापीठाने शंभर वर्षांपूर्वी नेमून ठेवला होता. नंतर शहर उठून बदलापूरला जाऊन वसलं, त्याला ते बिचारे काय करणार?

तर पहिलं काम कन्सेशन. विद्यार्थ्याला पासात निम्मी सवलत असते आणि त्यासाठी ऑफिसातून फॉर्म घ्यावा लागतो. फॉर्मची खिडकी ठरावीक वेळातच उघडी असते. ती वेळ तुमच्या लेक्चरची असेल तर तो योगायोग समजू नका, ती परंपरा आहे. शिक्का बसला की मात्र पळायचं, कारण फॉर्म तीन दिवसांत स्टेशनवर गेला नाही तर त्याचा कागद होतो. घराजवळचं स्टेशन ते विद्यापीठाजवळचं स्टेशन, एवढ्यापुरतीच सवलत. म्हणजे शासनाच्या मते तुमची ज्ञानाची भूक कुर्ल्याला संपते. त्यापुढे एशियाटिकच्या पायऱ्या, जहांगीर, काळा घोडा वगैरे चैन करायची असेल तर वेगळं तिकीट काढा.

आता डबा. मुलग्यांनी आपलं आपण बघावं, मला लेडीज डब्याचंच सांगता येईल.

बदलापूर लोकल बदलापूरहून सुटते म्हणून बदलापूरकरणीला बसायला मिळत असेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी अंबरनाथ-उल्हासनगरच्या बायका पाहिलेल्या नाहीत. त्या उलट्या दिशेने बसून येतात आणि बसूनच परत निघतात. याला रिटर्न येणं म्हणतात. तुम्ही पदर-ओढणी-बॅग सावरत चढता तोवर खिडकीतल्या बाईंची रामरक्षा अर्ध्यावर आलेली असते.

तेव्हा रिकामी जागा शोधत बसू नका. डब्यात जागा नसतात, जागांचे वारस असतात. आत सरकता सरकता प्रत्येक बसलेलीला एकच शब्द टाकायचा : "कुठे?" ती म्हणेल, "ठाणा." लगेच पुढचा प्रश्न, "कुणाला सांगितलंय?" ती हनुवटीने दाखवेल, "त्या निळ्या ड्रेसला." मग निळा ड्रेस गाठायचा. निळा ड्रेस मुलुंडला उतरणार असेल तर मुलुंडनंतरची जागा तुमची, बशर्ते हिरव्या साडीने ती कल्याणलाच लावून ठेवलेली नसेल. सातबाऱ्यावर इतक्या नोंदी नसतात. आणि तलाठ्याशिवाय, एक कागद न लिहिता, हा सगळा व्यवहार तोंडी चालतो. बेइमानी झालीच तर निवाडा जागच्या जागी होतो आणि तो वरच्या कोर्टात नेता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या हुशारीने एक जागा लावली होती. "कुठे?" विचारलं, बाई म्हणाल्या "घाटकोपर", मी म्हटलं "मला द्या." डोंबिवलीपासून त्यांच्या गुडघ्यांना गुडघे लावून राखण करत उभी राहिले. घाटकोपरला त्या उठल्या, मी बसले, पाठ टेकली, डोळे मिटले, आणि शेजारणीने खांदा हलवला : "कुर्ला ना तुझं? ऊठ, दारापाशी जा, नाहीतर नेतील दादरला." तेवढ्यात मी माझी जागा पुढे कुणाला तरी देऊनही टाकली होती. दानशूर म्हणून थोडं नाव झालं.

चौथी सीट मिळाली तर नाक मुरडू नका. तिघींच्या बाकड्यावर चौथी म्हणजे एक मांडी बाकावर, दुसरी हवेत आणि तोल समोरच्या दांड्यावर. या आसनात मी अख्खी सेमिस्टर वाचून काढली आहे.

हिशेब आवडत असेल तर हा करून बघा. घरातून स्टेशन, गाडी, कुर्ल्याचा पूल, पश्चिमेला शेअर रिक्षाची रांग, मग कलिना. एका बाजूने दोन तास धरा. दिवसाचे चार, पाच दिवसांचे वीस. पंधरा आठवड्यांची सेमिस्टर म्हटली तर तीनशे तास. नव्या शैक्षणिक धोरणात पंधरा तासांच्या व्याख्यानाला एक श्रेयांक मिळतो, म्हणजे नुसत्या प्रवासाचे वीस श्रेयांक झाले. एमएच्या सेमिस्टरला लागतात बावीस! उरलेल्या दोन श्रेयांकांसाठी तुम्ही कलिन्याला जाता, असं समजलात की मन शांत राहतं. तिथेही ७५ टक्के हजेरीचा नियम आहेच. मध्य रेल्वेला असा काही नियम नाही.

दाराबद्दल मात्र गंमत करत नाही. रेल्वेच्या भाषेत आपल्या गर्दीला नाव आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड', म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं रुळांवर पडली, काहींचे जीव गेले. एक लेक्चर बुडू दे. पुढची गाडी घ्या.

हां, तर अभ्यास. अभ्यास गाडीत करायचा असतो, हे कुणी प्रवेशपुस्तिकेत छापत नाही. नोट्स मोबाइलवर घेऊ नका, कोपराने कुणीतरी पान बदलतं. कागद चार घड्या घालून हातात ठेवा, समोरच्या पाठीला टेकवून वाचा. पाठ हलली तर ओळ चुकेल, चालायचंच. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी अशीच एका अभंगावरच्या नोट्स घोकत उभी होते. ज्यांच्या पाठीवर माझा कागद होता त्या काकू ठाण्याच्या आसपास मागे वळल्या. म्हणाल्या, "मगाचपासून पुटपुटते आहेस. ते तसं नाहीये गं." त्यांचे वडील वारकरी. कळव्यापासून विक्रोळीपर्यंत त्यांनी तो अभंग मला उलगडून दिला, एका हाताने वरची कडी धरून आणि दुसऱ्या हाताने डब्याची पिशवी सांभाळत. मधे दोनदा थांबल्या, त्याही "ठाण्याला उतरणारे पुढे व्हा" म्हणून ओरडायला. पेपरात प्रश्न नेमका तोच आला. काकूंची मानधनाची नोंद अर्थातच कुठे नाही.

मैत्री जपून करा. वर्गात कोण हुशार, कोण दिलदार हे बघण्यापेक्षा कोण सेंट्रल, कोण हार्बर, कोण वेस्टर्न हे आधी विचारा. साडेचारला लेक्चर सुटलं की वर्गाचे दोन तुकडे होतात. एक सांताक्रूझच्या रिक्षात, एक कुर्ल्याच्या. मग दुसऱ्या दिवशीपर्यंत एकमेकांचं तोंड दिसत नाही. माझ्या वर्गातल्या विरारच्या मुलीचं आडनाव मला दुसऱ्या वर्षी कळलं, पण माझ्या डब्यातल्या नर्सबाईंच्या सासूला कुठलं औषध सोसत नाही, हे मी आजही सांगू शकेन.

प्रेमाचं तर विचारूच नका, आणि विचारायचंच असेल तर आधी पास बघून घ्या. बोरिवलीचा मुलगा आणि टिटवाळ्याची मुलगी हे कथेत ठीक असतं. प्रत्यक्षात दोघांनी दादरला भेटायचं आणि पुलावर, इतरांच्या वाटेत उभं राहून, धक्के खात भविष्य ठरवायचं. पूर्वी दादरला एक सोय होती. सेंट्रलचाही फलाट एक आणि वेस्टर्नचाही एक. "एक नंबरला उभा होतो तासभर" म्हटलं की भांडण मिटायचं, कारण तीही उभी होतीच, दुसऱ्या एक नंबरला. डिसेंबर २०२३ मध्ये सेंट्रलचे फलाट आठपासून मोजायला लागले आणि ती पळवाट बंद झाली. आता न येणारा खरंच आलेला नसतो.

सायंकाळचे कार्यक्रम? भरपूर असतात. चर्चासत्रं, काव्यवाचन, नाटकाच्या तालमी. पाहुणे साडेपाचला बोलायला उभे राहतात आणि पावणेसहाला मागची रांग चपला शोधू लागते. हे असभ्यपणाने होत नाही, सहा-अमुकच्या बदलापूरमुळे होतं. पाहुणे जाणते असतील तर मुख्य मुद्दा आधी सांगतात. तालमीत भूमिका हवी असेल तर तुमचा अभिनय कुणी बघणार नाही, शेवटची गाडी कितीची आहे ते बघतील. अंधेरीच्या मुलांना राजाच्या भूमिका मिळतात. आपल्याला पहिल्या अंकात मरणारं पात्र मागून घ्यावं.

आणि ग्रंथालय. जवाहरलाल नेहरू ग्रंथालय तिथे आहे, मोठं आहे, शांत आहे. संध्याकाळी खिडकीतून झाडं दिसतात आणि खुर्चीत चारही बाजूंनी मोकळी हवा असते. दोन वर्षांत मी तिथे संध्याकाळी किती वेळा बसले, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. फोर्टातल्या राजाबाई टॉवरची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. प्रेमचंद रायचंदांनी मनोऱ्यासाठी पैसे दिले ते आईच्या नावाने. आईंची दृष्टी अधू, सूर्यास्तापूर्वी जेवायचं व्रत, आणि वेळ कळावी घंटेवरून, असं सांगतात. माझ्या आईला घंटा लागत नाही. पुस्तकाचं दुसरं पान उलटतं न उलटतं तोच फोन : "निघालीस का? भात लावते."

पावसाळ्यासाठी वेगळा सल्ला नाही. २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस ज्या सांताक्रूझ वेधशाळेत मोजला गेला, ती कलिन्याच्या शेजारीच. जागा निवडताना कुणीतरी पाणी आपल्यापर्यंत यावं असाच विचार केलेला दिसतो. रेड अलर्ट असला तर परीक्षा पुढे ढकलल्याचा मेसेज येतोच. तो येतो तेव्हा तुम्ही घाटकोपरला असता, पुढे शीव-कुर्ल्याच्या रुळांवर पाणी आणि मागे बंद पडलेल्या गाड्यांची रांग. घाबरू नका. डब्यात कुणाकडे तरी चकल्या असतात.

एवढं सगळं पार पडलं की दोन वर्षांनी पदवी मिळेल. सेकंड क्लास मिळाला तरी मन खट्टू करू नका, सवय झालेली असते. मग नोकरी लागेल, आणि तीही बहुधा बीकेसीतच, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. पासाच्या खिडकीवरचा माणूस न बघता विचारेल, "कन्सेशन?" तुम्ही जरा ताठ होऊन म्हणाल, "नाही, फुल." बदलापूर ते कुर्ला. गाडी तीच, खिडकीतल्या बाईही त्याच, रामरक्षाही तिथेच आलेली. कुर्ल्याला उतरून पूल चढाल, पश्चिमेला याल. तिथे रिक्षांच्या दोन रांगा आहेत, एक बीकेसीची, एक कलिन्याची. पहिला महिनाभर तुम्ही कलिन्याच्याच रांगेत उभ्या राहाल, आणि तिसरं सीट भरेपर्यंत लक्षातही यायचं नाही.