पाळण्याशिवाय शिवणवर्ग चालत नाही

बीड जिल्ह्यातल्या एका गावात मी सहा वर्षे शिवणवर्ग घेतला. वर्ग अर्ध्यावर सोडून गेलेल्या मुलींपैकी शिकण्याचा कंटाळा आलेली एकही मला आठवत नाही. कुणाचे बाळ तापाने फणफणलेले असायचे, कुणाची सासू बाळ सांभाळायला तयार नसायची, आणि बऱ्याच जणी दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघून जायच्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आमच्या जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. राज्याचा आकडा सुमारे २२ आहे. ऊसतोडीसाठी मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर मुलीचे लग्न उरकले जाते आणि सतराव्या वर्षी तिच्या कडेवर मूल असते.

अशा मुलीला हाताला काम हवे, यावर सर्वांचे एकमत आहे. कागदावर तिच्यासाठी दारेही उघडी आहेत. १९६७ साली मुंबईत सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठातून पुढे आलेली जनशिक्षण संस्थाने, म्हणजे व्यवसाय शिकवणारी सरकारी अनुदानावरची केंद्रे, १५ ते ४५ वयाच्या, शाळा सुटलेल्या किंवा कधीच शाळेत न गेलेल्या लोकांसाठीच आहेत. परंतु बहुतेक वर्गांचे वेळापत्रक अंगावर पिणारे मूल नसलेल्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असते, हे मला फार खटकते. तिसऱ्या वर्षी मी वर्गाच्या आढ्याला जुन्या लुगड्यांच्या दोन झोळ्या बांधल्या आणि गावातल्या एका वयस्कर मावशींना थोडे मानधन देऊन बसवले. त्यानंतर तान्ह्या बाळांच्या आयांची गळती लक्षात येण्याइतकी कमी झाली. त्या मावशींचा खर्च मात्र प्रशिक्षणाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नव्हता.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. प्रवेशाच्या वेळी आधार कार्ड मागितले की मुलीचे खरे वय उघड होते आणि बालविवाहाचा गुन्हा दाखल होईल या धास्तीने सासरचे लोक तिला पाठवतच नाहीत. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मला हवाच आहे. तो लग्न लावणाऱ्यांवर कठोरपणे चालवावा. पण ज्या मुलीचे बालपण हिरावले गेले, तिलाच या भीतीपायी शिक्षणही मिळू नये, हे मला मान्य नाही. नाव नोंदवताना पहिला प्रश्न वयाचा नसावा, बाळाने दूध प्यायले का, हा असावा.

पुढचा प्रश्न यंत्राचा आहे. अठरा वर्षांखालील मुलीला कायद्याने करार करता येत नाही, म्हणून तिच्या नावावर कर्ज मिळत नाही. प्रमाणपत्र हाती असते, पण घरी शिवणयंत्र नसते आणि काही महिन्यांत हात विसरतो. संस्थेने यंत्र निदान दोन वर्षे वापरायला द्यावे. शिवाय एकाच गावात वीस जणींना फक्त ब्लाउज शिवायला शिकवले, तर गिऱ्हाईक कुठून आणायचे? फॉल-पिको, शाळेचे गणवेश, रुग्णसेवा, मोबाइल दुरुस्ती, असे पर्याय मुलीपुढे ठेवून तिला निवडू द्यावे. ज्यांना दहावी पूर्ण करायची आहे त्यांचा बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म वर्गातूनच भरून घ्यावा.

केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी निराधार मुलींना विणकामापासून छापखान्यातल्या कामापर्यंत शिकवले, कारण राहणे, जेवणे, शिकणे आणि कमावणे या गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या नाहीत.

ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. डिसेंबरात सुरू होणारा तीन महिन्यांचा वर्ग त्यांच्या मुली-सुनांच्या काय कामाचा? जे वर्ग चालवतात त्यांना माझी विनंती आहे की, तो जूनमध्ये सुरू करून दसऱ्यापूर्वी संपवावा, शेतमजुरीइतका रोज द्यावा आणि बाळांच्या खोलीचा खर्च पहिल्याच प्रस्तावात लिहावा.