तळ्यातला गाळ फेकायच्या आधी

बागेतलं तळं गळत होतं, म्हणून ते नव्याने बांधायला काढलं. पाणी उतरल्यावर तळाशी उरला काळाकुट्ट, वास मारणारा गाळ. ‘यात डास होतात, हा आधी उचलून फेका, मग कामाला लागू,’ असं जो तो सांगत होता. मला ते अजिबात पटत नाही. तळं म्हणजे नुसतं पाणी नव्हे, निम्मं तळं त्या गाळातच असतं.

थोडा गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या, वरून तळ्यातलंच पाणी घाला आणि बघत बसा. सुरुवातीला काही दिसत नाही. मग कचऱ्याचा एक तुकडा चालायला लागतो. ही चतुराची, म्हणजे ड्रॅगनफ्लायची, अळी. अंगावर चिखल, पोट फुगीर, डोळे मोठे. तिचा खालचा ओठ डोक्याखाली घडी घालून ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो सटकन पुढे येतो, पकडतो आणि परत घडी. ती श्वास घेते गुदद्वारातून! तिथे पाणी आत घ्यायचं, त्यातला प्राणवायू शोषायचा, आणि पळायची वेळ आली तर तेच पाणी जोरात मागे सोडून पुढे सुसाटायचं. (हे पाहिल्यावर गळती, लायनर (तळाशी अंथरायचं प्लास्टिक) वगैरे सगळं काही काळ डोक्यातून गेलं.)

आपण फुलांवर पाहतो ते उडणारे चतुर बहुधा काही आठवडेच जगतात. त्याआधीचे कित्येक महिने, काही जातींत तर वर्षं, याच चिखलात गेलेली असतात. म्हणजे एका दुपारी गाळ उपसून फेकला की पुढच्या हंगामाचे चतुर गेलेच. टाचणी म्हणजे चतुराचाच नाजूक भाऊबंद; तिची अळी सडपातळ, शेपटाला पानासारखे तीन कल्ले. पाणविंचू हा पाणकिडा तर वाळक्या पानासारखाच दिसतो. त्याचं शेपूट ही नांगी नाही, श्वासाची नळी आहे. तरी हातात घेऊ नका, तोंडाने चावतो.

काम अडत नाही, फक्त थोडं हळू होतं. गाळ काठावर, पाण्याला लागूनच पसरून ठेवायचा. बरेच जीव रात्रीत आपणहून पाण्यात परततात. गोगलगायी आणि रेंगाळलेल्या अळ्या हाताने वेचायच्या. चतुराच्या अळ्या आणि टॅडपोल (बेडकाची शेपटीवाली पिल्लं) चुकूनही एका बादलीत ठेवू नका, सकाळी नुसत्या अळ्याच सापडतील. जुनं पाणी टबांत भरून सावलीत ठेवलं तर नव्या तळ्याची सुरुवात त्यानेच करता येते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ठेवून दिल्यावर उडून जातं, पण काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला क्लोरामाइन हे रसायन वापरतात, ते मात्र जात नाही. त्याला वेगळं औषध लागतं. पंपाच्या तोंडाला स्पंज लावा, म्हणजे जीव आत ओढले जाणार नाहीत.

आणि काठ! सरळसोट, गुळगुळीत भिंती फोटोत छान दिसतात. पण टॅडपोलला पाय फुटले, कल्ले जाऊन फुप्फुसं आली, की त्याला बाहेर पडावंच लागतं. चढायला उतार नसेल तर बेडकाचं पिल्लू चक्क पाण्यात बुडून मरतं. एका कडेला दगड रचून उतार केला तरी पुरतं.

आता डासांचं. ‘गम्बुशिया सोडा’ हा सल्ला हमखास मिळतो. डास मारायला हा मासा विसाव्या शतकात जगभर नेऊन सोडला गेला. तो डासांच्या अळ्या खातो हे खरं, पण बेडकांची अंडी, टॅडपोल आणि डास खाणारे पाणकिडेही फस्त करतो. शिवाय तळं पूर्ण रिकामं करून भरलं की पहिले हजर होतात ते डासच, त्यांना खाणारे मागाहून येतात. म्हणजे ज्या भीतीने गाळ फेकायचा, तीच फेकल्यामुळे खरी होते.

बेडूकही कुठून आणून सोडू नका, जवळपास असतील तर आपले आपण येतील. बेडकांना मारणारी कायट्रिड नावाची बुरशी १९९०च्या दशकाच्या अखेरीस ओळखली गेली, तोवर तिने कित्येक जाती संपवत आणल्या होत्या. २०२३च्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. ही बुरशी बेडकांबरोबर जाते, तशी ओल्या सामानाबरोबरही जाते. त्यामुळे एका तळ्यावरची जाळी, बादली, गमबूट दुसऱ्या तळ्यावर न्यायचे असतील तर आधी स्वच्छ धुऊन कडकडीत वाळवा.