सेव्ह मंजूर, सेव्ह नामंजूर

सासरे न्यू जर्सीला आले की सुरुवातीचे दिवस नातवंडांचे असतात, नंतरचे इथल्या दुधाला नावं ठेवण्याचे. यंदा दोन्ही विषय लवकर संपले आणि नानांनी बेसबॉल हातात घेतला. नाना जन्मभर ऑडिटमध्ये होते. खेळ कळला नाही तरी त्यांचं अडत नाही, पण नोंद कुणाच्या नावावर पडली हे कळल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. आणि त्यांना लागली नाही की मला लागू देत नाहीत.

"जावईबापू, हा आत्ता आला तो कोण?"

"क्लोजर, नाना. शेवटची, म्हणजे नववी इनिंग टाकणारा. मॅच वाचवली की त्याला सेव्ह मिळते."

"आपण पुढेच आहोत की! मग हा वाचवणार काय?"

माझे भोग इथून सुरू झाले. मी सांगू लागलो: संघ जिंकला पाहिजे, मॅच यानेच संपवली पाहिजे, विजयाची नोंद एकाच पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर पडते, ती मात्र दुसऱ्या पिचरच्या नावावर हवी. शिवाय तीनपैकी एक अट. आघाडी तीन किंवा त्याहून कमी धावांची असताना येऊन निदान एक पूर्ण इनिंग टाकायची. नाहीतर बरोबरीची धाव ज्याच्या रूपाने होऊ शकते तो गडी बेसवर (म्हणजे धावेच्या वाटेतल्या थांब्यावर), बॅटिंगला किंवा त्याच्या पाठोपाठ येणारा असताना यायचं. नाहीतर सरळ तीन इनिंग्ज टाकायच्या.

नानांनी चिवड्याची वाटी बाजूला सारली. नातीच्या वहीचं मागचं पान काढलं, फूटपट्टीने रकाने आखले आणि नियम 9.19 पोटकलमांसकट उतरवून घेतला. माणूस इतका खूश मी लेकीच्या लग्नातही पाहिला नव्हता. (माझ्याच लग्नात, म्हणजे.)

"मंत्रालयातल्या कुणीतरी काढलेला दिसतोय."

"नाही, शिकागोच्या एका वार्ताहराने. जेरोम होल्ट्झमन."

1959 साली पिट्सबर्गच्या एल्‌रॉय फेसच्या नावावर 18 विजय आणि 1 पराभव होता. तो मॅचच्या मधेच, आधीच्याच्या जागी येणारा पिचर. त्यातल्या काही मॅचमध्ये त्याने येऊन आधी आघाडी घालवली, मग त्याच्याच फलंदाजांनी धावा काढून दिल्या आणि विजय लागला फेसच्या नावावर! आघाडी इमानदारीत सांभाळणाऱ्याच्या नावापुढे मात्र काहीच नाही. होल्ट्झमनला हे खुपलं आणि 1960 मध्ये त्याने सेव्ह मोजायला सुरुवात केली. 1969 पासून ती अधिकृत झाली, 1975 च्या सुमारास अटी आजच्यासारख्या झाल्या.

"म्हणजे नुकसान करणाऱ्यालाच बक्षीस मिळत होतं," नाना म्हणाले. "आक्षेप रास्त आहे."

पण ऑडिटर तिथे थांबला तर तो ऑडिटर कसला! रात्री अकराला ते आमच्या खोलीच्या दारात उभे. "समजा, तिन्ही बेस भरलेत आणि आघाडी पाचची आहे. बेसवरचे तीन, बॅटिंगचा चौथा, त्याच्यामागचा पाचवा. बरोबरी होते! म्हणजे पाचच्या आघाडीतही सेव्ह, आणि एकच गडी बाद केला तरी चालेल?"

"चालेल, नाना."

"आणि नवव्या इनिंगच्या सुरुवातीला, बेस रिकामे, आघाडी चारची?"

"तिथे नाही."

"अहो, बाबांना आता झोपू द्या," असं बायको मला म्हणाली. मला!

मग मीच चूड लावली. 22 ऑगस्ट 2007, टेक्सासने बाल्टिमोरला 30-3 हरवलं. वेस लिटलटन सातव्या इनिंगला आला तेव्हा 14-3 होतं. त्याने शेवटच्या तीन इनिंग्ज टाकल्या आणि सत्तावीस धावांनी जिंकलेल्या मॅचची सेव्ह त्याच्या नावावर लागली. मला वाटलं, नाना चिडून नाद सोडतील. त्यांनी वहीत टिक केली. "पोटकलम तीन. कागद पुरा आहे. मंजूर."

खरं सांगायचं तर या कागदानेच खेळ चालवायला घेतलाय. न्यू यॉर्कच्या मारियानो रिव्हेराच्या 652 सेव्ह कुणी नाकारणार नाही. 2019 मध्ये एकही मत विरोधात न जाता तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या पंगतीत, गेला. पण भरवशाचा पिचर आठव्या इनिंगला, समोरचे तगडे फलंदाज असताना, बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेत, बसून राहतो आणि नवव्याला येऊन तळाच्या तिघांना गुंडाळतो, हे मी कित्येकदा बघितलंय. का, तर रकाना नवव्याचा आहे.

परवा आमचा संघ तीन धावांनी पुढे होता. आठवी इनिंग, क्लोजर बुलपेनमध्ये हात मोकळा करत होता. तेवढ्यात आमच्याच फलंदाजाने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. मुलं सोफ्यावर नाचायला लागली, मी टाळ्या पिटल्या. नानांनी कपाळाला हात लावला.

"कुणी सांगितली होती ही चौथी धाव? बुडाली ना त्या पोराची सेव्ह!"

पडद्यावर क्लोजर जॅकेट चढवून पुन्हा बाकावर बसत होता.

"बघा," नाना म्हणाले, "त्याला नियम पाठ आहे."