‘इस्रो बंद करा’वाल्या मेसेजला माझं उत्तर

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एकच मेसेज फिरतोय, की इलॉन मस्कने स्पेसएक्स ही रॉकेट कंपनी स्वतःच्या खिशातून उभी केली, सरकारचा एक पैसा घेतला नाही, आपण मात्र गरीब देश असून इस्रोवर करोडो उधळतोय, ते खासगीला देऊन टाका आणि त्या पैशात रस्ते करा. तिसऱ्यांदा आला तेव्हा राहवलं नाही.

सरकारचा एक पैसा घेतला नाही, हे साफ चूक. मस्कने सुरुवातीला साधारण १० कोटी डॉलर घातले हे खरं, आणि लागोपाठ तीन रॉकेटं पडल्यावरही तो थांबला नाही याचं मलाही कौतुक आहे. पण २००६ मध्येच, म्हणजे स्पेसएक्सचं एकही रॉकेट कक्षेत पोचलेलं नसताना, नासाने त्यांना स्पेस स्टेशनला सामान नेणारं यान बनवायला पैसे द्यायचं कबूल केलं होतं. सप्टेंबर २००८ ला त्यांचं चौथं फाल्कन १ रॉकेट कसंबसं कक्षेत गेलं तेव्हा कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती, आणि डिसेंबरात नासाचं १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट आलं म्हणून ती तरली. माणसं न्यायचं २.६ अब्जांचं कंत्राट २०१४ चं. त्यांच्या ड्रॅगन यानाची हीटशील्ड, म्हणजे परतताना जळण्यापासून वाचवणारं कवच, ज्या मटेरियलवरून बनली ते नासाच्या एम्स सेंटरने आधी शोधलेलं, आणि ३९ए हा जो लाँचपॅड ते वापरतात तो नासाचा, अपोलो ११ तिथूनच गेलं.

रस्त्यांचं म्हणाल तर घोडबंदरचे खड्डे मीही रोज खातो, पण २०२४-२५ च्या बजेटमध्ये अवकाश विभागाला साधारण १३ हजार कोटी होते आणि केंद्राचं एकूण बजेट ४८ लाख कोटींच्या वर, म्हणजे १०० रुपयातले २७ पैसे. ते काढून खड्डे बुजणार नाहीत, त्याची कारणं वेगळी आहेत.

खासगीला द्या म्हणताय, तर ते चालूच आहे हो. ट्रेनने जाताना विक्रोळीला गोदरेज लागतं ना, तिथे इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिनं बनतात. २०२० ला खासगी कंपन्यांना परवानगी देणारी इन-स्पेस ही सरकारी संस्था निघाली, २०२२ ला स्कायरूट या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट उडालं, २०२४ ला अग्निकुल कंपनीचं, दोन्ही श्रीहरिकोटाहूनच. आणि जिथे सरकार मागे नव्हतं तिथे काय झालं तेही बघा, बंगळुरूची टीमइंडस ही खासगी कंपनी गूगलच्या बक्षिसासाठी चंद्रावर निघाली होती, पोरं हुशार, गाडी तयार, पण पैसेच उभे राहिले नाहीत आणि २०१८ ला सगळं बारगळलं. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

एक मुद्दा मात्र मान्य. नोव्हेंबर २०२४ ला आपला ४७०० किलोचा जीसॅट-एन२ उपग्रह स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटवरून पाठवावा लागला, कारण एवढं वजन त्याला लागणाऱ्या उंच कक्षेकडे न्यायची ताकद आपल्या सगळ्यात मोठ्या रॉकेटमध्ये, एलव्हीएम३ मध्ये, नाही. पण मग मोठं रॉकेट बनवायला जास्त पैसे द्या म्हणा ना, बंद करा कसलं!

आणि ‘सामान्य माणसाला काय मिळालं’. माझा मित्र दिवाळे कोळीवाड्यातला, त्याच्या मामांची बोट करंजा बंदरातून खोल समुद्रात जाते. निघायच्या आधी मामा मोबाईल डोळ्यापासून लांब धरून हैदराबादच्या इन्कॉईस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा सल्ला वाचतात, कुठल्या दिशेला, किती किलोमीटरवर, किती खोल पाण्यात मासळी मिळायची शक्यता आहे ते. समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं क्लोरोफिल उपग्रहावरून मोजून हे काढतात, क्लोरोफिलसाठी इस्रोचा ओशनसॅट उपग्रह आहे. उगाच भटकावं लागत नाही, डिझेल वाचतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे आलं तेव्हा इशारा आधीच आला होता आणि बोट किनाऱ्याला बांधलेली होती. या सगळ्याचे मामा एक रुपयाही देत नाहीत. उद्या हे काम कंपनीकडे गेलं तर ती बिल कुणाच्या नावाने फाडणार, मेसेज पाठवणाऱ्यांनी एवढं सांगावं.