नारळाचं रोप घेताना जात कुणी विचारतं का?

पाऊस पडला की आठवडी बाजारात नारळाच्या रोपांचे टेम्पो लागतात. "हायब्रीड हाय, तीन वर्षांत फळ!" जात विचारली की गडी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळतो. मोसंबी लावताना आपण कलमाचा खुंट (खालचं मुळाचं झाड) रंगपूर की जंबेरी ते खोदून विचारतो, अन् साठ-सत्तर वर्षं दारात राहणारं झाड डोळे झाकून उचलतो. कमाल आहे.

नारळाला कलम नाही, सगळा खेळ बियाचा. बाणवलीसारख्या उंच जातीत नरफुलं आधी झडतात, मादीफुलं मागून तयार होतात. म्हणजे पराग बहुतेक शेजारच्या झाडाचा. एकाच झाडाचे दहा नारळ लावा, दहा तऱ्हा निघतील. ठेंगण्या जाती बव्हंशी स्वतःच्याच परागावर फळतात, त्यामुळं रोपं एकसारखी, फळही लवकर. विकायला सोपी. पण पाण्याचा ताण त्यांना सोसत नाही, अन् आपल्याकडं तर ताणाशिवाय दुसरं आहे काय?

2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा आठवा. फुलोरा झाडाच्या पोटात धरल्यापासून नारळ पिकेपर्यंत साधारण साडेतीन वर्षं जातात. त्यामुळं दुष्काळाचा फटका पुढं चांगल्या पावसातही दिसत राहतो. लोक म्हणतात झाड वांझ निघालं, अन् कुऱ्हाड घालतात. (सल्ला देणारा सहसा तोच रोपवाला.)

ज्वारीचं बी वाळवून डब्यात ठेवता येतं, नारळाचं नाही. वाळलं की मेलं. म्हणून केरळातल्या कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेला जाती जिवंत झाडं म्हणूनच राखाव्या लागतात. एकाच वाणावर भिस्त ठेवल्यावर काय होतं ते जमैकानं भोगलंय. पिवळ्या रोगानं तिथली उंच झाडं गेली, मग 'मेपॅन' हा संकर आणला, पुढं त्यालाही रोगानं गाठलं.

हायब्रीडला, म्हणजे ठेंगण्या-उंच जातींच्या संकराला, माझा विरोध नाही. ठिबक असेल तर खुशाल लावा, पण रोपाच्या पानाचा देठ बघा. नारिंगी ठेंगण्या मादीपासूनचा खरा संकर तपकिरी देठाचा निघतो. देठ नारिंगीच असेल तर ते नुसतं ठेंगणं, पैसे मात्र संकराचे.

माझं मत विचाराल तर 2016 काढून आजही भरघोस फळणारं, आखूड जाड दांड्याचे घड धरणारं उंच झाड गावात शोधा, त्याचंच बी लावा. भोवती सगळी टेम्पोतलीच झाडं असतील तर पराग त्यांचाच येणार, तेव्हा जरा आडबाजूच्या मळ्यातलं बघा. मालकाला आधीच सांगून ठेवा, बियाचा घड पूर्ण पिकू द्या आणि उतरवताना दोरीनं खाली सोडा, वरून आपटू नका.